खापर पाण्यावर फोडू नका

हैदराबादेत नव्यानं राहायला आलेल्या बाईला वर्षाच्या आत कुणी ना कुणी सांगतंच की इथल्या पाण्यानं केस जातात. पुढच्या वर्षी तीच बाई दुसऱ्या नव्या बाईला ते सांगते. बरकतपुऱ्यात चमनच्या आजूबाजूच्या अपार्टमेंटांत, काचीगुड्याला भाजी घेताना, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे बोलणं इतकं मुरलंय की त्याला पुरावा मागणारीच आगाऊ ठरते. नांदेडची, परभणीची, अकोल्याची मुलगी लग्न होऊन इथं येते, सहा-आठ महिन्यांत तिची वेणी निम्मी होते, आणि सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं निदान एकच असतं: पाणी मानवलं नाही.

या निदानाला माझा विरोध आहे आणि तो मी सविस्तर मांडणार आहे. अकरावी-बारावीच्या मुलींना मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पाण्याची ही समजूत तेव्हा वर्गात खोडत होते, आज लिहून खोडते. कारण तिच्यापायी अंगात रक्त नसलेल्या, थायरॉईड मंदावलेल्या, पाळीनं हैराण झालेल्या बायका वर्षानुवर्षं शाम्पू बदलत बसतात आणि डॉक्टरकडे जातच नाहीत.

आधी पाण्याचं जे खरं आहे ते मान्य करते. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसलंय आणि इथलं बोअरचं पाणी जड आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तोच थोडाफार केसांवरही बसतो. केस राठ होतात, गुंता होतो, फणी ओढताना तुटतात. यावर अभ्यासही झालेत. कोइमतूरच्या डॉक्टरांनी बायकांचे केस महिनाभर जड पाण्यात आणि शुद्ध केलेल्या पाण्यात ठेवून पाहिले. 2013 मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत केसांच्या ताकदीत आणि लवचीकपणात म्हणावा असा फरक आढळला नाही. पुढं पाकिस्तानातल्या एका अभ्यासात पुरुषांच्या केसांची ताकद जड पाण्यानं कमी झालेली दिसली. हा दुसरा निष्कर्षच खरा धरून चालू. तरी तो केसाच्या ताकदीबद्दल आहे, म्हणजे डोक्याबाहेर आलेल्या, मेलेल्या भागाबद्दल. केस जिथं जिवंत असतो ते मूळ कातडीखाली तीन-चार मिलिमीटर खोल असतं. त्याला नळाचं पाणी पोचत नाही. त्याला पोचतं ते फक्त आपलं रक्त.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की केस तुटताहेत की मुळापासून सुटताहेत. हे बघायला मशीन लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा वर्तमानपत्राच्या तुकड्यात केसांचा पुंजका घेऊन आल्या. "ताई, बघा ना, रोजचे एवढे निघतात. पाणीच मेलं असलं." मी खिडकीशी काळं ब्लाउजपीस पसरलं आणि त्यातला एकेक केस त्यावर ठेवत गेले. जवळजवळ प्रत्येकाच्या एका टोकाला टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक असा पांढरा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे केसाचं वाळलेलं मूळ. केस तुटला असता तर दोन्ही टोकं नुसती असती, एखादं फाटलेलं असतं, लांबी कमी-जास्त असती. इथं केस होते पूर्ण लांबीचे आणि मुळासकट. पाण्यानं असे केस निघत नाहीत. ते आतून सुटलेले असतात.

मग मी त्यांना पाळीबद्दल विचारलं. वहिनींनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली केला. आठ-नऊ दिवस जातं, गाठी पडतात, दोन वर्षं झाली. "ते काय, बाईच्या जातीला असायचंच." त्यांचं हिमोग्लोबिन आठच्या घरात निघालं, सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ दिसली. त्याआधी त्या एका हेअर क्लिनिकमध्ये जाऊन आल्या होत्या. तिथं त्यांच्या टाळूचा कॅमेऱ्यानं फोटो काढला गेला, आठ बैठकांचं पॅकेज लिहून दिलं गेलं, पण रक्ताचा एक थेंब कुणी तपासला नाही. पाळी किती दिवस जाते हेही विचारलं नाही. पाण्याबद्दल मात्र तिथंही बोलणं झालं होतं, आणि "हैदराबादच्या पाण्यासाठी खास" असा एक शाम्पू बिलात होता.

माझं खरं भांडण इथं आहे. आपल्या घरांतून बाईला चारचौघांत जी दुखणी सांगता येतात त्यांत केस गळण्याचा नंबर वरचा आहे. अंगावरून फार जातं हे सांगता येत नाही. जेवायला शेवटी बसते आणि भाजी संपलेली असते हे सांगणं कमीपणाचं वाटतं. जिना चढताना धाप लागते म्हटलं तर वय झालं म्हणतात, आळस म्हणतात. केस गळतात हे मात्र ती हळदीकुंकवातही बोलू शकते. एवढी एक तक्रार ती तोंडावर आणते, तर "पाणी" म्हणून आपण तिचं तोंड बंद करतो. मुळाशी काय आहे ते तसंच राहतं.

पाण्याच्या बाजूनं सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा म्हणजे स्वतःचा अनुभव. "गावी होते तोवर एक केस जात नव्हता. इथं आले आणि तीन महिन्यांत सुरू झालं." तीन महिने, हे बायका स्वतःच सांगतात. डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. त्यातला प्रत्येक दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, मग सुमारे तीन महिने नुसता मुळात टेकून राहतो आणि गळतो. रोज 50 ते 100 केस असे जाणं स्वाभाविक आहे. पण शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे तापाचं मोठं दुखणं, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, मनावरचा मोठा ताण, तर वाढणाऱ्या केसांतला बराच भाग एकदम विश्रांतीला जातो. ते केस त्या दिवशी गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. धक्का विसरलेला असतो तेव्हा गळतात. वैद्यकात याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

आता लग्न होऊन आलेल्या मुलीचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. लग्नाआधी बारीक दिसायचं म्हणून दोन महिने काकडी आणि ताकावर काढलेले. खरेदी, जागरणं, उन्हातले प्रवास, मग घर सोडणं, नवी माणसं, नवं स्वयंपाकघर, नोकरी बदललेली किंवा सुटलेली. या सगळ्यानंतर तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, आणि तेव्हा ती हैदराबादेत असते. धक्का बसला तेव्हा ती कुठं होती याचा हिशोब कुणी करत नाही. डेंग्यूचं तसंच आहे. इथं भाद्रपदात बऱ्याच घरांत कुणाला तरी डेंग्यू होऊन जातो आणि मार्गशीर्षात मोरी केसांनी तुंबते. कोविडनंतर तर लाखो लोकांनी हेच पाहिलं, आणि ते मुंबईत, लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्येही पाहिलं. तिथं हैदराबादचं पाणी नव्हतं.

"पण माहेरी गेले की थांबतं." थांबणारच. धक्का एकदाच बसलेला असेल तर हे गळणं पाच-सहा महिन्यांत आपलं आपण आवरतं. आणि माहेरी जाऊन ती झोपते, वेळेवर जेवते, आई तिच्या पानात अंडं, मेथी, भाकरी वाढते. श्रेय मात्र पाण्याला जातं. नांदेडकरांना तर मला हेही विचारायचंय की तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं? विष्णुपुरीच्या धरणातून गोदावरीचं. हैदराबादलाही गेली दहाएक वर्षं गोदावरीचं पाणी येतं. मांजरा तर बीड जिल्ह्यात उगम पावून इकडे येते. इथल्या नळाला येणारी कृष्णाही महाबळेश्वरची.

या शहराच्या पाण्याचा इतिहासही समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. मुसी नदीला 1908 मध्ये भयंकर पूर आला, विश्वेश्वरय्यांनी योजना आखली, 1920 मध्ये उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेटचा तलाव, झाला. त्या गंडीपेटच्या पाण्याची गोडी अशी की ते प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही असं इथं म्हटलं जायचं. मग मांजरा आली, 2004 च्या सुमारास कृष्णा आली, मग गोदावरी आली. चार वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी झालं, क्षारांचं प्रमाण वेगळं, शुद्धीकरण वेगळं, तक्रार तीच राहिली. एका अपार्टमेंटला टाकी एक असते. तिच्याच पाण्यानं सासऱ्यांचे पांढरेशुभ्र दाट केस सत्तरीत टिकतात, धाकट्या दिराचा भांग सव्विसाव्या वर्षी मागे सरकतो आणि सुनेची वेणी पातळ होते. तिघांच्या डोक्यावर पाणी एकच पडतं, मग कारण पाण्यात कसं असेल?

इथं मला कुणीतरी बुलडाण्याची आठवण करून देणार. करून द्यावीच, कारण माझ्या बाजूचा त्याहून मोठा पुरावा नाही.

2024 च्या डिसेंबरअखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून, म्हणजे बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून बातम्या आल्या. डोकं खाजायचं, केस राठ व्हायचे आणि दोन-तीन दिवसांत हातात यायचे, डोकं पार उघडं पडायचं. लहान मुलं, तरुण मुली, म्हातारे, कुणी सुटलं नाही. नोंद झालेल्या रुग्णांचा आकडा 18 गावांत पावणेतीनशेच्या वर गेला. पहिल्या चार दिवसांतच दोषी ठरवलं गेलं ते पाण्याला. तो सगळा खारपाणपट्टा आहे. पाण्याचे नमुने घेतले, त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले, आणि बऱ्याच लोकांच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं. काहींनी शाम्पू धरला, काहींनी बुरशी. पण खारं पाणी त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आजे-पणजे तेच प्यायले, त्याच पाण्यानं न्हाले आणि केसांसकट म्हातारे झाले. मग नेमक्या त्या डिसेंबरात काय बदललं, हा प्रश्न पाण्याच्या रिपोर्टनं सुटत नव्हता.

तो प्रश्न धरून बसले डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडला विंचूदंशानं मरणाऱ्या माणसांना प्राझोसिननं वाचवणारे हे डॉक्टर. मूळचे मराठवाड्यातले, साध्या रुग्णालयात बसून जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत लिहिणारे. ते त्या गावांत गेले आणि लोकांच्या चुलीपर्यंत पोचले. गावकऱ्यांचं रक्त, लघवी, केस तपासले, रेशनचा गहू तपासला. त्यांच्या तपासणीत सेलेनियम अफाट वाढलेलं निघालं आणि जस्त घटलेलं. बाधित घरांतल्या गव्हात किलोमागे 14 मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम होतं, म्हणजे स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट, आणि गहू धुऊनही ते फारसं उतरत नव्हतं. तो गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असल्याचं त्यांनी मांडलं. शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी होशियारपूर, नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे हे कृषिशास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत आहे. केसाच्या प्रथिनात गंधकाची जागा सेलेनियम घेतं आणि केस मुळाशीच कच्चा होतो. तेच प्रथिन नखांत असतं. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याच गावांतल्या लोकांची नखं ठिसूळ होऊन गळायला लागली तेव्हा शंकेला फार जागा उरली नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथकं आली, नमुने गेले. मधल्या काळात त्या गावांतल्या माणसांनी काय सोसलं ते विसरता येत नाही. जुळत आलेल्या सोयरिकी अडल्या, बाहेरगावच्यांनी अंग चोरलं, शाळकरी पोरं डोक्याला फडकं गुंडाळून हिंडली. बहुतेकांचे केस पुढं परत आले. पण पाण्यावरच सगळे थांबले असते तर गव्हाचं पोतं कुणी उघडलंच नसतं. बुलडाण्यानं मला हे शिकवलं की गावातल्या सगळ्यांचे केस चार दिवसांत जात असतील तर सगळ्यांच्या पोटात काय गेलं ते शोधावं, आणि घरातल्या एकीचेच जात असतील तर तिच्या एकटीच्या शरीरात काय चाललंय ते शोधावं. दोन्हींत मोरीचा नळ शेवटी येतो.

एकीच्या शरीरात बहुधा काय असतं? सगळ्यात आधी लोह. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत 57 टक्के रक्तक्षयी निघाल्या. तेलंगणात 57.6, महाराष्ट्रात 54.2. अर्ध्याहून जास्त बायका. इतक्या बायकांचं रक्त कमी असलेल्या देशात केस गळाले तर आपण पाण्याकडे बोट दाखवतो, याचा मला खरोखर राग येतो. आणि हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणजे झालं असंही नाही. शरीर आधी साठवणीतलं लोह संपवतं, मग रक्तातलं. ती साठवण फेरिटिन नावाच्या तपासणीत कळते. हिमोग्लोबिन 12 असताना फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमच्या खाली कमतरता धरते, पण केसांचे डॉक्टर 30 ते 40 च्या खालीही लक्ष घालतात. केसाचं मूळ शरीरात सगळ्यात झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींपैकी आहे, पण जगण्याला त्याची गरज नाही. लोह कमी पडलं की शरीर हृदयाचं, मेंदूचं आधी पाहतं.

ही कमतरता येते कुठून? सोमवार, चतुर्थी, गुरुवार, एकादशी असे आठवड्याला दोन-दोन उपास, त्यावर साबुदाणा आणि बटाटा. साबुदाण्यात स्टार्चशिवाय काही नाही. जेवण झाल्या झाल्या चहा, आणि हैदराबादेत चहा दिवसातून चार वेळा. जेवणातलं लोह अंगी लागायला चहा आडवा येतो, हे साधं तथ्य इथं तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था असलेल्या शहरात तरी घराघरांत माहीत असायला हवं होतं. या संस्थेनं लोह आणि आयोडीन दोन्ही घातलेलं मीठ तयार केलं. बरकतपुऱ्यातून ती फार लांब नाही आणि आपण मात्र नळाला लावायचे फिल्टर विकत आणतो. त्या शॉवर फिल्टरांतल्या बहुतेकांनी क्लोरीन थोडं घटतं, क्षार नाही. क्षार काढायला रेझिनचं यंत्र लागतं आणि ते वेळोवेळी मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं.

दुसरी थायरॉईड. देशातल्या आठ शहरांत, त्यात हैदराबादही होतं, 5,376 लोकांची तपासणी करून 2013 मध्ये छापलेल्या अभ्यासात जवळजवळ 11 टक्के प्रौढांत थायरॉईड मंद असल्याचं निघालं. बायकांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त. वजन वाढणं, थंडी सोसवेनाशी होणं, बद्धकोष्ठ, सुस्ती, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होणं, पाळी बिघडणं, आणि केस. यातलं एकही पाण्यानं होत नाही. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं जात नाहीत आणि डोक्यावरचे मात्र विरळ होतात, तर पीसीओएस शोधायला हवा. बी 12, ड जीवनसत्त्व हेही बघावं लागतं. काही औषधांनी केस जातात: फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी काही औषधं, लिथियम. एकाच जागी रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली तर तो शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच मुळांवर केलेला हल्ला असतो. मुलाच्या डोक्यावर खपली आणि तुटके केस दिसले तर तो नायटा, त्याला पोटातून औषध लागतं, तेलानं तो जात नाही. आणि टाळूची कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील तर एक आठवडाही थांबू नये. तिथं मुळं जळताहेत आणि गेलेली मुळं परत येत नाहीत. अशी बाई वर्षभर पाणी बदलत बसली तर तिचं जे नुकसान होतं ते कुणालाच भरून देता येत नाही.

पाण्याची समजूत टिकून राहण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. लोहाची कमतरता भरली की गिऱ्हाईक सुटतं. पाणी मात्र रोजचं, म्हणून शाम्पू, सीरम, गोळ्या सगळं रोजचं होतं. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन भरलेलं असतं. माणसाला दिवसाला 30-40 मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते साध्या जेवणातून मिळतं. गोळीत 5 किंवा 10 मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. त्यानं केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. पण रक्ताच्या काही तपासण्या त्यानं चुकतात, त्यांत थायरॉईड आणि हृदयविकाराच्या झटक्याची ट्रोपोनिन चाचणीही आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे केस गळतात म्हणून गोळी घ्यायची आणि खरं कारण शोधणारी चाचणीच त्या गोळीनं बिघडवायची. तपासणीआधी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

याच गोळ्यांत बरेचदा सेलेनियम असतं. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप टॉनिकात चुकून लिहिल्यापेक्षा 200 पट सेलेनियम पडलं आणि 10 राज्यांतल्या 201 लोकांना विषबाधा झाली. त्यांचे केस गळाले, नखं गेली. बुलडाण्याच्या गव्हात जे होतं तेच, दुकानातल्या बाटलीत. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस जातात. कमतरता मोजल्याशिवाय काहीही भरू नये.

पुरुषांची लूट वेगळ्या वाटेनं होते. 2025 च्या एप्रिलमध्ये उप्पल भागायतमध्ये टकलावर केस उगवून देतो म्हणणाऱ्या एकापुढं शेकडो पुरुषांनी उन्हात रांगा लावल्या, डोकी भादरून घेतली, त्यावर कसलंसं द्रव्य चोळून घेतलं. त्या रांगेतल्या माणसांना मी हसणार नाही. पंचविशीत केस गेलेल्या मुलाला स्थळं नाकारली जातात आणि त्याचं दुःख खरं असतं. पण पुरुषांचं नेहमीचं टक्कल हे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला मुळांनी दिलेलं उत्तर आहे, ते आई आणि वडील दोघांकडून येतं, आणि त्यावर पुराव्याची औषधं आहेत. टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल अमेरिकेत 1988 पासून आणि पोटातून घ्यायचं फिनॅस्टराइड 1997 पासून मान्यताप्राप्त आहे. फिनॅस्टराइडनं काहींच्या कामेच्छेवर आणि मनःस्थितीवर परिणाम होतो, म्हणून ते डॉक्टरशी बोलूनच घ्यावं. केसरोपणाची घाई मात्र करू नये. धक्क्यानं गळणाऱ्या, आपण होऊन परत येणाऱ्या केसांसाठी रोपण करणं म्हणजे पैसे आणि डोकं दोन्ही फुकट.

डॉक्टर मंडळींवरही माझा आक्षेप आहे. केस गळतात म्हणून आलेल्या बाईला "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून पाठवणारे आणि "पाणी" म्हणून पाठवणारी शेजारीण, दोघंही तिची तपासणी टाळतात. तणावानं केस जातात, ते मी वर लिहिलंच आहे. पण तणाव हे निदान तपासण्या झाल्यावर उरतं, आधी लावायचं नसतं.

खर्चाचं निमित्त या भागात तरी चालू नये. नारायणगुड्याला, बरकतपुऱ्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन आहे. जुने लोक आयपीएम म्हणतात. तिथं पाण्याची तपासणी होते. ज्यांचा संशय जात नाही त्यांनी आपल्या टाकीचं पाणी जरूर तपासून घ्यावं. आणि त्याच आवारात 2018 मध्ये तेलंगणा डायग्नॉस्टिक्सची मध्यवर्ती प्रयोगशाळा सुरू झाली. बस्ती दवाखान्यात घेतलेलं रक्त तपासून रिपोर्ट फुकट मिळतो. पूर्ण रक्तगणना आणि थायरॉईड यांपासून सुरुवात करा, फेरिटिन कुठं होतं ते डॉक्टरांना विचारा. उस्मानिया आणि गांधी, दोन्ही रुग्णालयांत त्वचारोगाचा विभाग आहे.

कारण सापडलं की उपचार बहुधा साधा असतो आणि तो धीरानं घ्यावा लागतो. लोहाची गोळी हल्ली बरेच डॉक्टर दिवसाआड देतात, कारण तशी ती जास्त शोषली जाते. ती चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालते. थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी, आणि दोन्ही सुरू असतील तर त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. रक्त जिथून जातंय ती पाळी आधी आवरली पाहिजे. वहिनींच्या गाठीवर इलाज झाला, लोह सुरू झालं, आणि बऱ्याच महिन्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे उभे, आखूड केस दिसायला लागले. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. वेणी जाड व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, हे आधी सांगितलं तर बाई मध्येच औषध सोडत नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तो खरा आहे. सगळे रिपोर्ट नीट येतात, तरी भांग रुंदावत जातो, पुढची रेषा शाबूत असते, टाळू दिसू लागते. हे बायकांचं आनुवंशिक विरळ होणं. तेव्हाही पाण्याकडे वळण्याची गरज नाही. मिनॉक्सिडिल बायकांनाही चालतं, पण गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नाही. पहिले काही आठवडे उलट जास्त केस जातात, परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. काहींना डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन देतात. पीआरपीचा, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट टाळूत टोचण्याचा, थोडाफार उपयोग या प्रकारात दिसलाय, पण ती पहिली पायरी नव्हे. आणि एखादी साठीची बाई हे सगळं ऐकून म्हणाली की मला रोज डोक्याला काही लावायचं नाही, माझी थायरॉईड आणि रक्त ठीक आहे एवढं पुरे, तर तिचा तो निर्णय पूर्ण माहितीवर घेतलेला असतो. तिला कुणी तेल सुचवू नये.